बहिष्कृत वेगळा, हरवलेला वेगळा

'येशू पापी, पतित, बहिष्कृत आणि हरवलेल्यांसाठी आला.' प्रवचनात हे वाक्य इतक्या सवयीने येतं की त्यातले चारही शब्द एकाच माणसाबद्दल आहेत असं वाटायला लागतं. तसं नाही, आणि तारणाबद्दलचा (पापातून सुटून देवाशी जोडलं जाण्याबद्दलचा) निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो असं माझं मत आहे. बहिष्कृत म्हणजे ज्याला दुसऱ्यांनी बाहेर ठेवलं तो. हरवलेला म्हणजे जो देवापासून दुरावला तो. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण नेहमीच असतो असं नाही. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची कथा सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार पुस्तकं, हा फरक फार काटेकोरपणे पाळतात. आपण पाळत नाही.

मार्कच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी घ्या. त्याची अवस्था समजायला जुन्या करारातल्या नियमशास्त्राचं पुस्तक, लेवीय, त्याचा 13 वा अध्याय उघडावा लागतो. फाटके कपडे, मोकळे केस, वरचा ओठ झाकलेला, तोंडाने 'अशुद्ध, अशुद्ध' असा पुकारा आणि वस्ती इस्राएल लोकांच्या छावणीबाहेर, एकट्याची. (तिथला मूळ हिब्रू शब्द आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तेवढ्यापुरता नाही. कपड्यावरचे आणि घराच्या भिंतीवरचे डागही त्याच शब्दात येतात.) येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग म्हणतो, शुद्ध हो. क्रम बघा: माणूस अजून अशुद्ध असतानाच स्पर्श झालाय. आणि 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' हे वाक्य इथे नाही. ते दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला उद्देशून आहे. म्हणजे मार्कला ते वाक्य माहीत होतं, कुष्ठरोग्याच्या प्रसंगात ते आलेलं नाही. ज्याला पश्चात्ताप करायला सांगितलेलंच नाही, त्याच्याकडून आपण व्यासपीठावरून पश्चात्ताप वदवून घेतो.

मग येशू त्याला याजकाकडे, म्हणजे मंदिराच्या पुरोहिताकडे पाठवतो, आणि इथे बरेच जण वाचताना घाई करतात. याजक बरं करत नाही. तो छावणीबाहेर जाऊन बरा झालेला माणूस तपासतो आणि त्याला परत आत घेतो. लेवीय 14 मधली ती रीत लांबलचक आहे. दोन जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी कापड आणि एजोब नावाची वनस्पती लागते. एक पक्षी मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारायचा, त्याचं रक्त माणसावर सात वेळा शिंपडायचं आणि दुसरा पक्षी मोकळ्या रानात सोडून द्यायचा. त्यानंतर कपडे धुणं, सगळे केस काढणं, अंघोळ. छावणीत यायची परवानगी मिळते, पण सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहायचं आणि सातव्या दिवशी पुन्हा मुंडण. आठव्या दिवशी दोन कोकरं, एक वर्षाची मेंढी, तीन दशांश एफा सपीठ आणि लोगभर तेल (एफा आणि लोग ही तेव्हाची मापं). ऐपत नसेल तर एक कोकरू, एक दशांश एफा सपीठ आणि दोन पारवे किंवा होले. तेल मात्र तेवढंच.

आणि त्या आठव्या दिवशी दोषार्पणाचं (दोषासाठी दिलेल्या बळीचं) रक्त त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचं. हीच तीन ठिकाणं लेवीय 8 मध्ये आहेत, पहिला मुख्य याजक अहरोन आणि त्याच्या मुलांच्या याजकपदाच्या दीक्षेत. बाहेर काढलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या अंगावर याजकाची खूण उमटते. माफी मागत मागच्या बाकावर बसायला तो आलेला नाही.

मार्क 1:45 आपण सहसा ओलांडून जातो. बरा झालेला माणूस गावभर बोलत सुटतो, आणि त्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. इब्री लोकांस पत्र 13:12-13 हाच धागा वधस्तंभापर्यंत नेतं: येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, तर चला, आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. बहिष्कृताच्या तारणाची ख्रिस्ती शिकवण मला या एका वाक्यात सर्वांत नेमकी दिसते. आतल्यांनी बाहेरच्याला हात देऊन ओढून घ्यायचं, असं ते म्हणत नाही. तारणाराच बाहेर आहे.

तरीही बहिष्कार संपणं म्हणजे तारण नव्हे. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी आहेत. दहाही शुद्ध होतात, दहांचाही घरी जायचा रस्ता मोकळा होतो. परत येऊन पाया पडतो तो एक, तोही शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका. लूकचे शब्द तपासा. दहा जणांसाठी 'शुद्ध झाले' हे क्रियापद आहे. शेवटी त्या एकट्याला येशू सांगतो, तुझ्या विश्वासाने तुला तारलं आहे, आणि तिथे क्रियापद वेगळं आहे: सोझो. लूकच्या शुभवर्तमानात हेच ग्रीक वाक्य चार वेळा येतं: पापी स्त्रीला (7:50), रक्तस्राव असलेल्या स्त्रीला (8:48), या शोमरोन्याला आणि यरीहोच्या आंधळ्याला (18:42). सोझोमध्ये 'बरं करणं' आणि 'तारणं' दोन्ही मावतं, म्हणून भाषांतरात कधी एक शब्द येतो, कधी दुसरा, आणि मराठीत वाचताना चारही जागी एकच वाक्य आहे हे लक्षातच येत नाही.

लूक 19 मधला जकातदार जक्कय मात्र बहिष्कृतही आहे आणि हरवलेलाही. जकातीच्या ठेक्यात ठरल्यापेक्षा जास्त उकळायला वाव होता, म्हणून तर बाप्तिस्मा देणारा योहान जकातदारांना तेवढंच सांगतो: नेमून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. हा तर मुख्य जकातदार. त्याच्या हिशेबाकडे नीट बघा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. आपणहून कबूल केलं तर नियमशास्त्र मागतं मुद्दल आणि वर एक पंचमांश (गणना 5:7). चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला दंड आहे (निर्गम 22:1). म्हणजे जक्कय स्वतःला चोराच्या कलमात बसवतो. आता गणित करा: 100 मधले 50 गरिबांना गेले तर उरलेल्या 50 मधून चौपट परतफेड जास्तीत जास्त साडेबारांचीच होऊ शकते. त्याचा शब्द खरा धरला तर लुबाडलेलं धन एक अष्टमांशाच्या वर नव्हतं. गावाने त्याच्याबद्दल जे ठरवलं होतं त्यापेक्षा हे बरंच कमी असावं! (मूळ क्रियापदं वर्तमानकाळी आहेत, म्हणून तो आधीपासूनच असं करत होता असंही काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मग 'हरवलेले शोधायला आणि तारायला' आलो, या येशूच्या शेवटच्या वाक्यातल्या 'हरवलेले' या शब्दाला काही काम उरत नाही.)

इथे आपलं चुकतं ते क्रमात. येशू त्याच्या घरी उतरायचं ठरवतो तेव्हा जक्कयने पैशाचा शब्दही काढलेला नाही. आणि 'आज या घराला तारण मिळालं' याचं जे कारण दिलंय त्यात परतफेडीचा उल्लेख नाही. कारण आहे, 'हाही अब्राहामाचा पुत्र आहे.' परतफेड हे तारणाचं फळ आहे, किंमत नव्हे. कृपा आधी येते, विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, हे 529 साली ओरांजच्या परिषदेने स्पष्ट मांडलं. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत वाद झाले ते कृपा आधी की नाही यावर नव्हते. माणसाचा होकार कुठे बसतो, हा प्रश्न होता.

आता उलट बाजू. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, घरीच राहिलेला थोरला मुलगा कधीच बहिष्कृत नव्हता. पैसा उडवून परतणाऱ्या धाकट्याने बापाला सांगायचं वाक्य घोकून ठेवलंय, त्यातला 'मला मोलकऱ्यासारखं ठेवा' हा शेवटचा भाग बहुतेक हस्तलिखितांत त्याच्या तोंडून निघतच नाही, बाप मध्येच झगा मागवतो. थोरला दाराशी अडून बसलाय. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आणि हे दाखले कोणामुळे सांगितले? कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांमुळे, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांमुळे.

पुढे मंडळीने, म्हणजे चर्चने, स्वतःच दारं बांधली. 325 सालच्या निकिया परिषदेचा 11 वा नियम: रोमी सम्राट लिकिनियसच्या काळात जबरदस्ती नसताना ज्यांनी विश्वास सोडला, त्यांनी 3 वर्षं श्रोत्यांत बसायचं, 7 वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत आणि 2 वर्षं प्रभुभोजनाविना प्रार्थनेत. एकूण 12. लेवीयातल्या कुष्ठरोग्याला 8 दिवस लागत होते. पण याच परिषदेला निव्वळ कठोर म्हणणं अन्यायाचं होईल. पतितांना, म्हणजे छळात विश्वास सोडलेल्यांना, कधीच परत न घेणाऱ्या नोवाटियन या पंथप्रमुखाच्या अनुयायांना तिने सांगितलं, यांच्याबरोबर सहभागिता ठेवायची असेल तरच आत या. मरणाऱ्याला शेवटची शिदोरी, म्हणजे मरणापूर्वीचं प्रभुभोजन, नाकारू नये, हेही तिनेच लिहून ठेवलं.

आजच्या मंडळ्यांत दिसणाऱ्या चुका याच दोन शब्दांच्या सरमिसळीच्या आहेत. समाजाने टाकलेल्या माणसाला त्याच्यावर झालेल्या अन्यायाचीच साक्ष पाप म्हणून द्यायला लावतात. तीच साक्ष दर वर्षी नव्याने, कारण ऐकायला चांगली वाटते. उलट ज्याने खरोखर कोणाला लुबाडलंय त्याला 'प्रभूने क्षमा केली' म्हणून सोडून देतात, आणि ज्याचं गेलं तो तसाच राहतो. अशा माणसाशी आधी यादी करा: कोणाचं, किती, कधीपर्यंत. आणि आत घेणं म्हणजे लगेच पद देणं नव्हे, 1 तीमथ्य 3:6 नवशिक्याला अध्यक्ष करू नका म्हणतं. (येशूच्या बारा शिष्यांची पैशाची थैली मात्र जकातदार मत्तयाकडे नव्हती. ती यहूदाकडे होती.)

शिस्तीसाठी सगळे मत्तय 18 दाखवतात: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर, आणि तरी ऐकलं नाही तर तो 'परराष्ट्रीय व जकातदार' यांच्यासारखा. हे लिहिलंय कोणाच्या नावाच्या शुभवर्तमानात? जकातदाराच्याच. या नियमाच्या अगदी आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. आणि करिंथमध्ये ज्याला शिक्षा झाली त्याच्याबद्दल पौल दुसऱ्या पत्रात म्हणतो, झाली तेवढी पुरे, आता धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

राहिला कूशी (इथिओपियाचा) षंढ, प्रेषितांची कृत्ये 8. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 23:1 प्रमाणे त्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, तरी तो यरुशलेमला उपासनेला जाऊन आलाय. रथात वाचतोय यशया 53. गुंडाळी आणखी तीन अध्याय उलगडली असती तर षंढांना मुलामुलींपेक्षा उत्तम नाव देण्याचं वचन त्याला तिथेच सापडलं असतं. तो रथात शेजारी बसून अर्थ सांगणाऱ्या फिलिप्पाला एवढंच विचारतो, हे बघ पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या प्रश्नाला उत्तर नाही, दोघं सरळ पाण्यात उतरतात. 'पूर्ण मनाने विश्वास ठेवत असशील तर' ही अट असलेलं 37 वं वचन त्यांत सापडत नाही. म्हणून बऱ्याच भाषांतरांत 36 नंतर एकदम 38 येतं.