जिंकलेल्या सामन्यात बॅटिंग

काल रात्री आम्ही जिंकलेला सामना हरलो. जिंकत आलेला नव्हे, जिंकलेला. समोरच्यांचे 61, आमचे 67, आणि बॅटिंगला शिल्लक कोण, तर मी आणि माझा जोडीदार. चार ओव्हर आम्ही दोघं जिवापाड खेळलो. खेळून झालं तेव्हा आमचे 54 झाले होते.

इनडोअर क्रिकेट न खेळलेल्यांना आकडे उलटसुलट छापले गेलेत असं वाटेल. नाही. साधारण 30 मीटर लांब, 12 मीटर रुंद असा जाळीचा पिंजरा असतो, डोक्यावरही जाळी. एका बाजूला आठ जण, 16 ओव्हर. प्रत्येकानं दोन ओव्हर टाकायच्या आणि जोडीजोडीनं चार-चार ओव्हर बॅटिंग करायची. करायची म्हणजे करायचीच. आउट झालात तर संघाच्या पाच धावा कापतात आणि तुम्हाला तिथंच उभं ठेवतात. बाहेरच्या क्रिकेटमध्ये आउट होण्यातही एक अब्रू असते. बॅट काखोटीला मारायची, अंपायरकडे एक जळजळीत नजर टाकायची, खेळपट्टीलाच काहीतरी झालंय अशी मान हलवत परतायचं. इथं ती सोय नाही. शिक्षा झाली की लगेच तोच गुन्हा पुन्हा करायला उभं करतात.

सीझनचा शेवटचा सामना होता. सीझनच्या सुरुवातीला आमच्या यादीत अकरा नावं होती आणि कोण बाहेर बसणार यावरून रुसवेफुगवे झाले होते. काल सात जण आले. एकाचा गुडघा गेला, एकाचा खांदा, आणि दोघांनी ग्रुपवर नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला, कारण दिलंच नाही. आठवा माणूस आमच्या आधी खेळून निघालेल्या संघातून उसना घेतला. त्याला आमची नावं माहीत नव्हती, मला तो ‘चष्मेवाले’ म्हणत होता. आमच्या दुसऱ्या जोडीनं 31 केल्या, त्यातल्या 19 या उसन्या माणसाच्या. स्वतःच्या संघापेक्षा जास्त घाम दुसऱ्याच्या संघासाठी गाळणारी माणसं असतात. ती नेमकी आमच्या यादीत का नसतात, हे मला कप्तानाला विचारायचं आहे.

तर मी ग्लोव्हज चढवून जाळीबाहेर थांबलो होतो आणि तिथं ते गृहस्थ बसले होते.

शेजारच्या कोर्टवर मुलांचा बॅडमिंटनचा क्लास चालतो. नातीला घेऊन आलेले हे आजोबा. मांडीवर गुलाबी रंगाची रॅकेटची पिशवी, खिशाला पेन, हातात क्लासच्या फीची पावती, आणि त्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखलेले. पहिल्या चेंडूपासून ते आमचा स्कोअर लिहीत होते. आमच्या एकाही बायकोनं, भावानं, मित्रानं आजवर आमचा एक सामना पूर्ण पाहिलेला नाही. हा माणूस पाहत होता. मला भरून आलं.

“अभिनंदन,” ते म्हणाले.

“कशाबद्दल?”

“जिंकलात की. त्यांचे 61, तुमचे 67.”

“नाही काका, आमची जोडी बाकी आहे अजून.”

“कशासाठी?”

या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे नियमाच्या पुस्तकात आहे, पण जाळीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला देता येईल असं नाही. मी म्हटलं, चार ओव्हर खेळाव्याच लागतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आणि तुम्ही गेलाच नाहीत तर?”

“तसं चालत नाही.”

“पण न जाण्यात फायदा आहे, हे तुमच्या लक्षात आलंय ना?”

मी म्हटलं, आम्ही रनही काढू शकतो. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. शूजच्या लेसपाशी क्षणभर थांबले. मग पावतीवर चौथ्या रकान्यात नुसती एक रेघ मारून ठेवली.

“आउट झालं की पाच नावे पडतात, बरोबर? आणि खाली मर्यादा किती?”

“कसली मर्यादा?”

“वजा किती जाऊ शकता?”

“मर्यादा नाही.”

“अमर्याद दायित्व!” ते जवळजवळ ओरडलेच. चाळीस वर्षं लोकांची खाती तपासून निवृत्त झालेला माणूस, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, पण त्या दोन शब्दांत मला ते कळलंच होतं. कुणा भलत्याच्या कर्जाला जामीन राहून आलेल्या जावयाकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहत होते. “आणि अशा ठिकाणी तुम्ही स्वखुशीनं सही करून येता? दर आठवड्याला?”

मी त्यांना जरा बरं वाटावं म्हणून सांगितलं की मी मुळात आउट न होणारा खेळाडू आहे. बचाव पक्का आहे माझा. आणि इथं मी मोठी चूक केली, कारण मग त्यांना थर्ड बॉलचा नियमही सांगावा लागला. लागोपाठ दोन चेंडूंवर स्कोअर हलला नाही, की तिसऱ्यावर तो हललाच पाहिजे. नाही हलला तर बॅट्समन आउट, पाच वजा. दुसरा चेंडू वाया गेला की उंच खुर्चीवर बसलेला अंपायर माइकवरून पुकारतो, “थर्ड बॉल!” आणि क्षेत्ररक्षक तुमच्या इतके जवळ येतात की त्यांचा श्वास कानाला लागतो.

काका बराच वेळ गप्प होते. आत आमच्या तिसऱ्या जोडीचा शेवटचा चेंडू पडत होता. मग एकदम म्हणाले, “बापू नाडकर्णी.”

“हो, ऐकलंय.”

“ऐकलंय काय! 1964, मद्रास, बोलिंगला बापू, समोर इंग्लंड. लागोपाठ 21 मेडन ओव्हर. 131 चेंडू, एक धाव नाही.” पेन पावतीवर चालू झालं होतं. “तुमच्या या नियमानं काढू. तिनाचा एक गट, म्हणजे 43 गट. 43 पंचे 215. इंग्लंड उणे 215!” त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यानंतर संध्याकाळभर कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिला नाही. “आणि दोन चेंडू उरतात. ते पुढच्या ओव्हरला पुढे ओढायचे.”

माझ्या डोक्यात त्याच वेळी दुसराच हिशेब सुरू झाला, पण मी तो बोललो नाही. 1975 च्या पहिल्या विश्वचषकातला पहिला दिवस, लॉर्ड्स, सुनील गावस्कर, 60 ओव्हर खेळून नाबाद 36, चेंडू 174. थर्ड बॉलच्या नियमानं त्याचं काय झालं असतं ते मी काढणार नाही. श्रद्धास्थानं असतात माणसाची. त्या डावाला लोक आजही नावं ठेवतात, पण मला त्याबद्दल मनातून नेहमी जिव्हाळाच वाटत आला आहे. एक माणूस तीन तास उभा आहे, काही करत नाही, आणि कुणी त्याला हलवू शकत नाही. हे आमच्या वयाला समजतं. मला आयुष्यात जी दोन-तीन कौशल्यं नीट जमली, त्यांतलं एक हेच की काहीही न करता टिकून राहायचं. ऑफिसात त्यावर वीस वर्षं निघाली. या पिंजऱ्यात त्याला दंड आहे, तोही चेंडूगणिक. हा खेळ जाळ्याबिळ्यांसकट ऑस्ट्रेलियात, पर्थकडे, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला रुजला. 1995 मध्ये बर्मिंगहॅमला पहिला विश्वचषक झाला तोही ऑस्ट्रेलियानंच नेला. म्हणजे नियम त्यांच्या स्वभावाला धरून झालेत. दोन चेंडू शांतपणे पाहून घ्यावेत ही आपली रीत. ती विचारात घ्यायला तिथं आपलं कुणी नव्हतं.

“पुढची जोडी!” अंपायर ओरडला. आत जाताना कप्तान म्हणाला, “एन्जॉय करा रे, फक्त आउट होऊ नका.” काका जाळीतून म्हणाले, “सहाची शिल्लक आहे, एक आउट परवडतो.” गेल्या चार महिन्यांत कप्तानाकडून मिळालेल्या सगळ्या सूचना एका पारड्यात टाकल्या, तरी या एका वाक्याचं वजन जास्त भरेल.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण ते झालंही भराभर. पहिल्याच ओव्हरमध्ये दोन चेंडू मी नीट पाहिले. थर्ड बॉल. बॅट घुमवली, लागली नाही. वजा पाच. दुसऱ्या ओव्हरमध्ये बोलर चेंडू सोडायच्या आधीच जोडीदार क्रीजबाहेर निघाला होता, बोलरनं दांड्या पाडल्या. विनू मंकडांनी 1947 मध्ये सिडनीला बिल ब्राऊनला असं बाद केलं, त्यावर खिलाडूवृत्तीचा वाद पुढं कित्येक दशकं चालला. इथला अंपायर फक्त म्हणाला, “वजा पाच.” मग जोडीदारानं “ये!” अशी हाक दिली, मी गेलो, त्यानं “नको!” म्हटलं. अकरा मीटरच्या धावेत मी दोन्ही बाजूंना समान अंतरावर सापडलो. मग माझी पुन्हा एक थर्ड बॉल. मग जोडीदाराच्या दांड्या, सरळ चेंडूवर. इथले स्टंप स्प्रिंगचे असतात, पडले की आपोआप उभे राहतात. इतक्या उत्साहानं, की जणू त्यांना अजून एकदा हवं आहे.

आणि मग मी सीझनमधला माझा एकमेव खरा फटका मारला. पिवळा चेंडू बॅटच्या मधोमध लागला, तो आवाज हाताला कळला आधी आणि कानाला नंतर. चेंडू बाजूच्या जाळीवर धाडकन आदळला. बाहेरच्या मैदानावर चार होते. मी बॅट उंचावायच्या बेतात होतो. जाळीवरून उसळलेला तोच चेंडू एका पोरानं, मागं पडत, एका हातानं धरला. जाळीला लागून आलेला झेल इथं चालतो.

फळ्यावर लाल दिव्यांचे आकडे असतात. आमच्या जोडीच्या चौकोनात 13 होते, आणि त्याच्या आधी एक इवलीशी आडवी रेघ. ती इतकी बारीक की लांबून पाहणाऱ्याला दिसू नये. दोन मिनिटं मला त्या रेघेचा आधार वाटला. मग अंपायरनं माइकवरून वाचून दाखवलं, “शेवटची जोडी, उणे तेरा.” शेजारच्या कोर्टवरची मुलंसुद्धा वळून बघायला लागली.

जिंकणाऱ्याला तीन गुण, शिवाय प्रत्येक जोडीची समोरच्या त्याच क्रमाच्या जोडीशी स्वतंत्र लढत, तिचा एक-एक गुण. त्याला स्किन म्हणतात. आम्ही दोन वाचवल्या, दोन सोलल्या गेल्या. एवढे तीन गुण मिळते तर आठ संघांत सहावे आलो असतो. सातवे आलो. आठवा संघ सीझनच्या मध्यावर यायचाच बंद झाला होता, म्हणजे येणाऱ्यांत आम्ही शेवटचे.

जोडीदार माझ्याशेजारी बाकावर बसला. आम्ही काही बोललो नाही. त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली, मी त्याच्या. एकत्र बुडण्यात एक माया असते, हे मी त्या क्षणी अगदी मनापासून मानत होतो. काका जाळीशी येऊन म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. बुडीत खाती कुठं नसतात?” नात आली, पिशवी खांद्याला लावून ते गेले. गेले म्हणजे दारापर्यंत. मग त्यांना काहीतरी आठवलं, नातीला तिथंच उभं करून ते परत आले. हातात ती पावती.

“एक दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “मी दोघांचं खातं एकत्र धरलं होतं. ते योग्य नाही. वेगळं केलं.” पावती त्यांनी जाळीच्या भोकातून आत सरकवली. “यांचे रन 11, आउट दोन वेळा, दहा गेले. अधिक एक. तुमचे रन सहा, त्यातले दोन वाईडचे, आउट चार वेळा, वीस गेले. उणे 14.”

जोडीदारानं पावती घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि, मी शपथेवर सांगतो, बाकावर चार बोटं सरकून बसला. “म्हणजे मी प्लसमध्ये आहे,” तो म्हणाला. मला नव्हे, सगळ्यांना.

रात्रीतून त्यानं ग्रुपवर त्या पावतीचा फोटो टाकला. खाली, “फॅक्ट्स.” कप्तानानं अंगठा दिला. ज्या दोघांनी कारण न देता हात जोडले होते, त्यांनीही अंगठे दिले. त्यांना ग्रुप बघायला वेळ होता. उसना घेतलेला माणूस ग्रुपमध्ये कधी आला कुणास ठाऊक, त्यानं विचारलं, “चष्मेवाले का?”

मी रात्रभर आकडे मांडले आहेत. बाकी तीन आउट माझे, कबूल. पण तो रनआउट? हाक कुणाची होती? “ये” कोण म्हणालं आणि “नको” कोण म्हणालं? त्याच्या चुकीचे पाच माझ्या नावे का? ते त्याच्या खात्यात टाका, की तो उणे चार आणि मी उणे नऊ. बेरीज तीच येते, उणे तेरा, ताळा जमतो. हे मी ग्रुपवर लिहिलं. कुणीही अंगठा दिला नाही.

हिशेब ज्यानं केला त्यानंच तो दुरुस्त करावा, एवढंच माझं म्हणणं आहे. बॅडमिंटनचा क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी सातला सुटतो, अशी चौकशी मी करून ठेवली आहे.