‘बंद कारखान्यात खुशाल जा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

फोटोग्राफी आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. पिंपरी-चिंचवड, भोसरी, मुंढवा, हडपसर भागातले बंद पडलेले कारखाने म्हणजे फुकटातला खजिना, असा त्याचा सूर. मुद्दे साधारण असे: कारखाना बंद म्हणजे त्याला वाली कुणी नाही. गेट उघडं असेल आणि पाटी नसेल तर आत जाणं गुन्हा नाही. मशिनं नेलेली, लाईट तोडलेली, म्हणजे धोका काही उरत नाही. धुळीला मास्क पुरतो. आत कुणी नसतं. आणि आपण फोटो काढतो म्हणूनच हा इतिहास टिकतो.

माझी नोकरी याच पट्ट्यात, मेंटेनन्समध्ये गेली. जुन्या शेडचं वेड मलाही आहे, आणि नॉर्थलाईटच्या, म्हणजे उत्तरेकडे काचा लावलेल्या तिरक्या छतातून उतरणारा उजेड फोटोत काय दिसतो हे मला कुणी सांगायला नको. पण मेसेजमधला एकही मुद्दा धड उभा राहत नाही.

गुन्ह्याचं आधी बघू, कारण तिथे थोडं तथ्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम ३२९ प्रमाणे नुसतं पाऊल टाकलं म्हणून फौजदारी अतिक्रमण होत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा ताबा असलेल्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू लागतो. पाटी असण्या-नसण्याचा तिथे संबंधच नाही. हेतू सिद्ध झाला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालमत्ता सांभाळून ठेवलेल्या इमारतीत शिरलात तर कैद १ वर्षापर्यंत जाते. आता रात्री अकरा वाजता, बॅगेत हेडटॉर्च आणि पक्कड घेऊन पकडले गेलात, तर तुमच्या मनातला हेतू चौकीत कुणाला पटवणार? महिन्याभरापूर्वी तिथून तांब्याची केबल गेलेली असेल आणि कॅमेऱ्यात चेहरा फक्त तुमचा असेल, तर ‘आम्ही फक्त फोटो काढले’ याला किती वजन राहतं? शिवाय मेसेज खडकीचंही नाव घेतो. तिथली दारूगोळ्याची फॅक्टरी १८६९ पासूनची आणि आजही चालू आहे. त्या भिंतीलगत कॅमेरा काढलात तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा गळ्यात येऊ शकतो.

वाली नाही म्हणे! कंपनी बुडाली की उलट वाली वाढतात. बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटर असतो, कर्ज दिलेली बँक असते, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो मुळात ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो. शिवाय कामगारांची थकलेली देणी, जी त्याच जमिनीच्या आणि भंगाराच्या किमतीतून निघायची असतात. गेटवर पिवळी पडलेली ताबा नोटीस चिकटवलेली असते, ती वाचा. ताबा कुणाकडे आहे ते तिथेच लिहिलेलं सापडतं.

‘मशिनं नेली म्हणजे धोका गेला’ हा मात्र मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. मशीन जातं, पण त्याचा पिट, म्हणजे खालचा खड्डा, जागेवरच राहतो. प्रेसचा पिट माणसाच्या उंचीपेक्षा खोल असू शकतो, आणि तळाशी फाउंडेशन बोल्ट तोंड वर करून उभे असतात. कारखाना चालू असताना असे खड्डे झाकून किंवा कठडा घालून ठेवणं १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम ३३ प्रमाणे बंधनकारक असायचं; तो कायदा २०२५ पर्यंत लागू होता. बंद झाल्यावर भंगारवाल्याची नजर आधी जाते ती नेमकी त्या झाकणांवर, कारण झाकणाची चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा, उचलायला सोपी आणि वजनाला भारी. मग दोन पावसाळ्यांत खड्डा पाण्याने भरतो, वर तेलाचा तवंग, त्यावर धूळ, त्यावर पाला. टॉर्चच्या उजेडात ती जमीनच दिसते.

वरचं छप्पर त्याहून फसवं. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो, आणि जुना झाला की माणसाचं वजन पेलत नाही, न वाकता थेट फुटतो. आमच्याकडे छतावर चढणारा फिटर फळ्या टाकून, हुक बोल्टांच्या ओळीवरूनच चालायचा, कारण त्या ओळीखाली पर्लिन, म्हणजे पत्रा पेलणारी आडवी पट्टी, असते. दोन ओळींच्या मध्ये पाय ठेवणारा नवखा पोरगा दिसला की मिस्त्री खालून शिव्या घालायचे. मध्येमध्ये उजेडासाठी फायबरचे पत्रे असतात, तेही वर्षानुवर्षांच्या धुळीने सिमेंटच्याच रंगाचे होतात. सूर्यास्ताच्या फोटोसाठी वर चढणाऱ्याला यातलं काय दिसणार?

लोखंडी सांगाडा दणकट असतो म्हणणाऱ्यांनी कुंडमळा आठवावा. १५ जून २०२५, रविवार, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि ४ माणसं गेली. धोक्याची पाटी तिथे होती.

टाक्यांबद्दल तर मेसेज लिहिणाऱ्याला काहीच माहिती नसावी, कारण बंद टाकीतला घुमणारा आवाज रेकॉर्ड करा असं तो सुचवतो. बंदिस्त लोखंडी टाकी आतून गंजते आणि गंजताना आतला ऑक्सिजन खाते. हवेत तो २०.९ टक्के असतो. १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. सांडपाण्याच्या सम्पमध्ये, म्हणजे ते साठण्याच्या खड्ड्यात, हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. म्हणून तर त्याच फॅक्टरीज कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हवा तपासल्याचा लेखी दाखला तरी लागायचा, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्टा लावून उतरायचं आणि दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मित्राला काढायला मागोमाग उतरलेला दुसराही तिथेच राहतो, हे ड्रेनेजच्या बातम्यांत आपण वाचतोच.

लाईटचं एका वाक्यात: वॉचमनच्या खोलीला किंवा बोअरच्या मोटरला जोड चालू असतो, नाहीतर शेजारच्या वस्तीने आकडा टाकलेला असतो, तेव्हा लोंबणारी वायर मेलेली समजू नका.

मास्क. कापडी किंवा सर्जिकल मास्कमधून अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सहज आत जातात. पत्रा अखंड असेल तर तेवढी भीती नाही, पण फुटक्या पत्र्याच्या चुऱ्यावरून चालताना, किंवा बॉयलरच्या पाइपांवरचं पांढरं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण, बोटाने खरवडताना ते उडतात. त्यातून होणारे आजार साधारण २० ते ४० वर्षांनी समोर येतात, त्यामुळे ‘आम्ही जाऊन आलो, काही झालं नाही’ हा पुरावाच होत नाही.

आत कुणी नसतं? पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असतं, केबलच्या नाल्यात घोणस असते, भंगार कापणारी टोळी असू शकते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या बंद शक्ती मिलमध्ये कामासाठी फोटो काढायला गेलेल्या पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. दोष सर्वस्वी त्या गुन्हेगारांचा. पण बंद मिल म्हणजे रिकामी जागा, हे त्यानंतर तरी कुणी लिहू नये.

राहिला इतिहास. तो टिकवायचा तर फोटोखाली कारखान्याचं नाव, तिथे काय बनायचं, पाळ्या किती चालायच्या, एवढं तरी हवं. बहुतेकांखाली ‘भुताटकीची जागा’ एवढंच असतं. वर लोकेशनची पिन, म्हणजे भंगारचोराला घरपोच पत्ता. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन कसं बनायचं, हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध तिथे कसं तयार झालं, हे जुन्या कामगारांना विचारा. आकुर्डीला बजाजची स्कूटर लाईनवर जोडणारी माणसं अजून आहेत. तिथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं.

आणि आतच जायचं असेल तर त्या ताबा नोटिशीवर ज्याचं नाव आहे त्याला पत्र लिहा: तारीख, माणसं किती, कॅमेरा कोणता, दिवसाउजेडी येऊ, अपघाताची जबाबदारी आमची. बहुतेक जण नाही म्हणतील. जो हो म्हणेल त्याच्याकडे एकच मागा, तिथे काम केलेला एखादा जुना फिटर सोबत द्या. खड्डे कुठे आहेत ते त्याला पाठ असतं.