मर्ढेकर म्हणजे फक्त पिपातले उंदीर?

कवी बा. सी. मर्ढेकरांबद्दल समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरणारा दावा: ‘मर्ढेकर निराशेचे कवी. यंत्रयुगात माणूस उंदरासारखा मरतो, देव नाही, आशा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं; तेही इंग्रजी कवी टी. एस. इलियटकडून उसनं घेऊन.’ पुराव्याला ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’च्या पहिल्या चार ओळी.

घोटाळा तिथेच होतो, कारण चौथी ओळ कुणी नीट वाचत नाही: ‘माना पडल्या, आसक्तीविण’. आसक्ती सुटणं ही गीतेत साधकाची मिळकत. इथे ती मेलेल्या उंदरांच्या पदरात फुकट पडली आहे. पुढे येतं ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. आसक्ती गेली आणि सक्ती उरली. अध्यात्माशी देणंघेणं नसलेला कवी नेमका हाच शब्द इथे कशाला आणेल? कविता संपते ‘न्हाले! न्हाले!’वर. आता माघातल्या मुंबई बंदराच्या सकाळीवरची त्यांचीच कविता घ्या: ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’. क्रियापद तेच. मात्रा मोजून पाहा (‘पडल्या’मधल्या जोडाक्षराने आधीचं अक्षर जड होत नाही): दोन्हीकडे ८ अधिक ८. मेलेल्यांचं न्हाणं आणि गर्भवतीचं न्हाणं एकाच चालीत आहे. दोन्ही कविता लागोपाठ मोठ्याने वाचल्या की हे कानालाच कळतं.

इलियटचा प्रभाव आहेच. पण त्याच्या १९२२च्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेचा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या ‘द द द’ या मेघगर्जनेवर आणि त्रिवार ‘शांतिः’वर होतो. उपनिषदात त्या तीन ‘द’चा अर्थ क्रमाने दाम्यत (संयम ठेवा), दत्त (द्या), दयध्वम् (दया करा). इलियटने ‘दत्त’ पुढे घेतलं. म्हणजे उसनवारी धरलीच, तरी ती निव्वळ निराशेची ठरत नाही. शिवाय ओवी आणि अभंग ही मर्ढेकरांची हत्यारं तर घरचीच.

राहिला देव. ‘भंगु दे काठिन्य माझे’ ही प्रार्थना बहुतेकांना पहिल्या कडव्यापुरतीच माहीत असते, म्हणून ती गुळगुळीत वाटते. पुढची मागणी वाचा: ‘भावनेला येउ दे गा शास्त्र-काट्याची कसोटी’. भक्तीच्या विरुद्ध विज्ञान उभं करणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण हा भक्त देवाकडे तराजूच मागतो. मोक्षाचं नावही काढत नाही. मागतो ती भाषा: ‘राहु दे स्वातंत्र्य माझे फक्त उच्चारांतले गा, अक्षरा आकार तूझ्या फुफ्फुसांचा वाहु दे गा’. उच्चार तेवढा माझा, श्वास तुझा. संतांच्या अभंगांत देवाला चरण असतात, कर कटेवर असतात. फुफ्फुसं मर्ढेकरांनी दिली.