कोरड्या शाळेचं एस्टिमेट ओल्या शाळेला पुरत नाही

सोलापुरातल्या जुन्या सरकारी आणि अनुदानित हायस्कूलांची दुरुस्ती बहुतेक वेळा एकाच चाकोरीतून जाते. मार्चअखेर जवळ आली की कुठला तरी निधी 'खर्ची टाकायचाय' असा निरोप येतो. एप्रिलात घाईघाईने अंदाजपत्रक होतं. मे महिन्यात रंग, प्रवेशद्वाराची कमान आणि पेव्हर ब्लॉक. १५ जूनला शाळा भरते आणि पहिल्या जोरदार पावसात वरच्या मजल्यावरच्या वर्गात बादल्या लागतात. मग सगळे मिळून कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडतात. कंत्राटदार साधू नसतोच, पण अशा वेळी खरी चूक आधीच झालेली असते: इमारत पाहिली एप्रिलात, म्हणजे ती ठणठणीत कोरडी असताना.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेची पाहणी सप्टेंबरात करा. आपल्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण त्यातला दणकट पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. जूनच्या सरी गच्चीवरचा जुना कोबा (स्लॅबवर दिलेला विटांच्या तुकड्यांचा जाड थर) नुसत्या पिऊन टाकतो, त्यांच्यावरून काही कळत नाही. प्रत्येक वर्गाचा साधा चौकोन कागदावर काढा, छताला ओल दिसेल तिथे खूण करा आणि शेजारी पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओल आली ते लिहा. दहा-पंधरा मिनिटांत थेंब पडायला लागले तर पाण्याला सरळ वाट आहे: पाइपाचं तोंड, चीर, सोलर किंवा अँटेनाच्या स्टँडचे बोल्ट. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ठिबकायला लागलं तर कोबा पाणी पिऊन बसलाय. आणि पाऊस नसतानाही डाग ओला असेल तर गच्चीला हात लावू नका, वरची टाकी नाही तर शेजारच्या संडासाची पाइपलाइन बघा. हे काम शिपाई आणि नववीतली चार पोरं नीट करू शकतात. त्याला इंजिनिअर लागत नाही. इंजिनिअर आला की त्याच्या हातात हा कागद द्यायचा.

दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या फॉर्मात चांगले वर्ग किती, किरकोळ दुरुस्तीचे किती, मोठ्या दुरुस्तीचे किती हे मुख्याध्यापक भरतातच. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचे आकडे तसेच उतरवले जातात. निधीची मागणी करताना समोरचा माणूस हाच आकडा उघडून बघतो, हे लक्षात असू द्या.

आता गच्ची. गळतीवर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे जुन्या कोब्यावर नवा कोबा. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी ११० मिमी जाड धरला तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर वजन जातं. ६ बाय ८ मीटरचा वर्ग म्हणजे ४८ चौरस मीटर, म्हणजे एका वर्गावर साधारण दहा टन. वाळूने भरलेला ट्रक कायमचा छतावर उभा केल्यासारखंच झालं. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. एकावर एक दुसरा-तिसरा कोबा चढवलेल्या शाळा आहेत, आणि खाली मुलं बसतात. जुना कोबा काढून स्लॅब उघडा करा, झाडून धुवा, चिरा भरा आणि मगच नवा थर द्या. मलबा गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोजचा रोज खाली उतरवायचा. ही ओळ एस्टिमेटमध्ये नसेल तर ढीग होणारच.

उतार किमान १:१००, म्हणजे मीटरला एक सेंटीमीटर. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची यांच्या सांध्यात गवंडी 'वाटा' मारतात, तो नीट गोलाईचा हवा आणि वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान ३०० मिमी चढवायला हवा. गळती मध्यात क्वचित असते, बहुतेक वेळा ती याच सांध्यात नाही तर पाइपाच्या तोंडाशी सापडते. चाळीस-पन्नास चौरस मीटर गच्चीला १०० मिमी व्यासाचा एक पाइप हा अंदाज ठेवा. दोन पाइपांवर अख्खी विंग काढलेली असेल तर एका चेंडूने किंवा एका प्लास्टिकच्या पिशवीने तळं होतं. पॅरापेटमध्ये उगवलेला पिंपळ नुसता छाटू नका, मुळासकट काढून ती जागा भरा. छाटलेला पिंपळ पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतो. वरचा थर पांढरा ठेवा, चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक लेप. ४२-४३ अंशांच्या उन्हात वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मुलांना त्याचा फरक जाणवतो.

मग पाण्याची चाचणी. काम झाल्यावर गच्चीत सरासरी ५० मिमी पाणी भरून ४८ तास ठेवायचं. पाचशे चौरस मीटर गच्चीला २५ हजार लिटर लागतात. मे महिन्यात सोलापुरात हे पाणी आणायचं कुठून? टँकरचा खर्च एस्टिमेटमध्ये धरलेला नसतो, म्हणून चाचणी कागदावरच होते. क्युरिंगचं, म्हणजे नवं काम पाणी मारून ओलं ठेवण्याचंही तेच. त्यामुळे पाण्याची स्वतंत्र बाब अंदाजपत्रकात घालाच. आणि गिलावा, कोबा संध्याकाळच्या पाळीत करून घ्या. भर दुपारी मारलेला गिलावा रात्रीपर्यंत तडकतो.

स्लॅबची खपली पडते त्याबद्दल जरा सविस्तर, कारण जीव जातात ते इथे. जुन्या स्लॅबमध्ये सळईखालचं काँक्रीट जेमतेम १२-१५ मिमी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, काँक्रीटचा क्षारपणा जातो, गळतीचं पाणी मिळतं आणि सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. खपली पडली की वर सिमेंटचा गिलावा थापायचा आणि रंग मारायचा, हा सर्रास चालणारा प्रकार सगळ्यात धोक्याचा. गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा जड खपली पडते. त्याच स्लॅबमध्ये पंख्याचा हूक असतो, तो गंजलाय का हे कोणी बघत नाही. पंखा उतरवून हूक बघा, भार देऊन तपासा.

तपासणी अवघड नाही. लहान हातोडीने सगळं छत ठोकत जा, बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करा. एक ताजी खपली फोडून त्यावर फिनॉल्फ्थेलिनचं द्रावण शिंपडा: गुलाबी झालं तर काँक्रीट शाबूत, रंग आला नाही तर त्याचा क्षारपणा संपलाय. त्यापुढच्या चाचण्या, म्हणजे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल (सळईच्या गंजाचा अंदाज देणारी), कोअर, हे स्ट्रक्चरल ऑडिटवाल्यांचं, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणाऱ्यांचं काम. हाफ-सेलचं वाचन कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर तिथे गंज चालू आहे असंच धरून चाला. ऑडिटचा अहवाल घेताना 'इमारत दुरुस्तीयोग्य आहे' या एका वाक्यावर समाधान मानू नका. कुठल्या वर्गातला कुठला बीम, किती मीटर, काय करायचं, हे खोलीवार मागा.

दुरुस्तीचा क्रम पाळायचा. आधी खाली टेकू. मग सैल काँक्रीट काढायचं, तेही सळईच्या मागे पंधरा-वीस मिमी जागा मोकळी होईपर्यंत, कारण मागची बाजू गंजकी राहिली तर सगळं वाया. एका दमात पूर्ण बीम तोडायचा नाही. सळई तारेच्या ब्रशने किंवा सँड ब्लास्टने लख्ख करायची. जाडी पाव हिश्श्याच्या आसपास झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. मग गंजरोधक लेप, बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर १०-१५ मिमीच्या थरांत. खड्डा खोल असेल तर फॉर्मवर्क (साचा) लावून मायक्रो काँक्रीट. मायक्रो काँक्रीटला सात दिवस ओलं पोतं. पॉलिमर मॉर्टरला मात्र कंपनीची सूचना पाळा, बहुतेकांना सुरुवातीची ओल देऊन पुढे हवेत वाळू द्यायचं असतं. बाँडिंग कोट वाळून गेल्यावर मॉर्टर मारलं तर तो कोट चिकटवायच्या ऐवजी सुटायला मदत करतो, आणि आपल्या उन्हात तो फार लवकर वाळतो. एका वेळी हाताला लागेल तेवढ्याच भागाला लावायचा.

जिथे ऑडिट दुरुस्ती नको म्हणतं, तिथे वर्ग रिकामा करून निर्लेखनाचा, म्हणजे तो वापरातून काढून पाडायचा प्रस्ताव टाका. प्रस्ताव वर्ष-वर्ष पडून राहतो, मान्य. पण तोवर त्या खोलीला कुलूप हवं, आणि 'तात्पुरतं' म्हणून तिथे शालेय पोषण आहाराचं धान्य किंवा जुने बाक ठेवायचे नाहीत, कारण ते आणायला मुलांनाच पाठवलं जातं. नगरजवळच्या (आता अहिल्यानगर) निंबोडीत २०१७ मध्ये आणि राजस्थानात झालावाडजवळ जुलै २०२५ मध्ये शाळेचं छत कोसळून मुलं कशी गेली ते सगळ्यांनी वाचलंय. दोन्ही पावसाळ्यातल्या घटना आहेत.

भिंतींच्या तड्यांचं कारण बहुतेक वेळा जमिनीत असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली असेल तर आधी बाहेर जाऊन बघा: पन्हाळीचं पाणी जोत्याशी पडतंय का, टाकी गळतेय का, भिंतीला लागून मोठं झाड आहे का. चिरेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की करा, तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर हालचाल चालू आहे, आत्ता भरून उपयोग नाही. जोत्याभोवती मीटर-दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा आणि पुढे गटार, एवढ्याने निम्मी दुखणी थांबतात. पेव्हर ब्लॉक बसवायचेच असतील तर इथे बसवा की! फक्त खाली मुरूम नीट दाबून आणि सांधे बंद करून.

जुन्या दगडी, चुन्यातल्या इमारतींना सिमेंटचा गिलावा मारू नका. भिंत आतली ओल बाहेर टाकू शकत नाही, मग पोपडे सुटतात आणि दोष दगडाला लागतो. दगडांमधल्या दर्जा (सांधे) चुन्यातच भरून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत दगडी भिंतींच्या दोन पाट्या एकमेकींपासून सुटून कोसळल्या, कारण दोन्हींना बांधणारे आरपार दगड नव्हते. भूकंपाच्या नकाशात सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये गणलं जात आलंय, त्यामुळे फुगलेली दगडी भिंत रंगवून झाकायची नसते. सिमेंटचे जुने पत्रे बदलताना ते ओले करून अखंड उतरवा, कोरडे फोडू किंवा कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

विजेचं थोडक्यात. लाइट-पंख्याला १.५, प्लगला २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, प्रत्येक मजल्याला वेगळा डीबी (वीज वाटपाचा बोर्ड), ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). तीस संगणकांची लॅब म्हणजे सहा किलोवॅटच्या आसपास भार, तो जुन्या वर्गाच्या लाइनवर टाकला की रोज फ्यूज जाणार. अर्थिंग मात्र मे महिन्यातच मोजा. आपल्याकडे दोन-चार फुटांखाली मुरूम नाही तर पाषाण लागतो, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. ऑगस्टमधल्या सुंदर वाचनाला काही अर्थ नाही.

स्वच्छतागृहांचं गणित पाण्यापासून सुरू करा. दर ४० मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरले तर ६०० पटाला रोज २७ हजार लिटर होतात, आणि आपल्या नळाला पाणी येतं तीन-चार दिवसांनी. टाकी वाढवल्याशिवाय संडासाची नवी भांडी बसवणं म्हणजे सहा महिन्यांत कुलूप लावायची तयारी. बांधकामात पहिली कुजते ती दाराची खालची कड, म्हणून लाकडी फ्लश डोअर टाळा. मुलींच्या बाजूला आतून कडी, हूक आणि कचऱ्याची झाकणाची बादली, ही किरकोळ यादी विसरू नका.

पैशांचं वास्तव असं: 'समग्र शिक्षा' योजनेतून सरकारी शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान २५० ते १००० पटाला वर्षाला ७५ हजार आणि हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. त्यातच खडू, वीज, स्वच्छता. यातून स्लॅब होत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन, आमदार-खासदार निधी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक निधी). जुन्या बॅचेस एकत्र येतात तेव्हा त्यांना कमान किंवा स्टेज द्यायचं असतं, नावाची पाटी लागते म्हणून. वॉटरप्रूफिंगलाही पाटी लावा, जिन्यात लावा, हवी तेवढी मोठी लावा.

वेळापत्रक उलटं मोजा. सप्टेंबरात पाहणी, दिवाळीपर्यंत ऑडिट आणि अंदाजपत्रक, डिसेंबरात तांत्रिक मान्यता, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठते तोवर निविदा. परीक्षा संपल्या की तोडफोड, मे संपायच्या आत गच्ची. आचारसंहिता लागली तर महिना-दीड महिना जातो, तो आधीच धरा. रंग जूनमध्ये, आणि पैसे उरले तरच.

निविदेत काँक्रीट दुरुस्तीची बाब 'एलएस' (लम्पसम, ठोक रक्कम) टाकू नका. वरून दिसतं त्यापेक्षा तोडल्यावर जास्त निघतं, हे सगळ्या कंत्राटदारांना माहीत असतं. २० मिमी जाडीपर्यंत एक दर, पुढच्या प्रत्येक १० मिमीला वेगळा दर आणि प्रमाणवाढीसाठी १५ टक्के राखीव ठेवा. सळई साफ झाल्यावर आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो, खोली क्रमांक दिसेल असा, घेतल्याशिवाय एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तिकेत) नोंद करू देऊ नका. दोषदायित्वाची, म्हणजे कामातला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत किमान दोन पावसाळे. हे फोटो, वायरिंगचा नकाशा, वापरलेल्या मालाची बिलं आणि कामाचा आदेश एका फाइलीत घालून ती फाइल मुख्याध्यापकांच्या चार्ज यादीत नोंदवा, म्हणजे बदली झाली तरी पुढच्याला गळतीचं पत्र मुदतीत कोणाला लिहायचं ते शोधत बसावं लागणार नाही.