पाटीवरचा राजा आणि कलमातला राजा

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं मुंबईतल्या काही लोकल स्टेशनांची इंग्रजी नावं बदलण्याचा ठराव केला. त्यात किंग्ज सर्कलही होतं. त्याला तीर्थंकर पार्श्वनाथांचं नाव द्यावं असं ठरलं. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा विषय अधूनमधून पेटतो. गोऱ्या राजाचं नाव अजून कशाला मिरवायचं, असं एका बाजूचं म्हणणं. नाव बदलून लोकलची गर्दी कमी होणार आहे का, असं दुसऱ्या बाजूचं. मी लंडनला कोर्टात दुभाष्याचं काम करतो, त्यामुळे दोघंही मला विचारतात, तुमच्याकडे काय?

इकडे राजा पदोपदी आहे. फौजदारी खटल्याच्या कागदावर एका बाजूला आरोपीचं नाव असतं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं 'आर'. लॅटिनमध्ये राजा म्हणजे रेक्स आणि राणी म्हणजे रेजिना, त्यामुळे गादीवर कोणीही असो, ते अक्षर हलत नाही. सरकारी वकील उभा राहतो तो 'क्राउन'च्या वतीनं. साथीदारांविरुद्ध बोलून सुटका करून घेणारा, म्हणजे आपला माफीचा साक्षीदार, इथे 'किंग्ज एव्हिडन्स' देतो. अल्पवयीन मुलानं खून केला तर त्याला 'महाराजांची मर्जी असेल तोवर' कोठडी सुनावली जाते. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेली आणि त्याच दिवशी सगळे 'क्वीन्स काउन्सेल' (क्यूसी) म्हणजे ज्येष्ठ वकील 'किंग्ज काउन्सेल' (केसी) झाले. टेम्पल या लंडनमधल्या वकिलांच्या भागात चेंबरच्या, म्हणजे त्यांच्या कचेरीच्या, दारातल्या पाटीवर वकिलांची नावं हातानं रंगवलेली असतात. तिथे एका नावापुढचा क्यू खरवडून के काढलेला मी जवळून पाहिला. रंग ताजा असल्यामुळे तेवढं एकच अक्षर सबंध ओळीत काळंभोर उठून दिसत होतं.

त्याच ८ सप्टेंबरला दिल्लीत राजपथाचं कर्तव्यपथ म्हणून उद्घाटन झालं. तो इंग्रजांच्या काळातला किंग्जवे. अशा नामांतरांना माझा विरोध नाही. आपल्या गावातल्या रस्त्याला काय म्हणायचं हे गावानं ठरवावं. मला काळजी वाटते ती पाटीपाशीच थांबण्याची.

कारण राणीच्या जागी राजा लिहिण्याचा तो अक्षरबदल आपल्याकडेही होऊन गेला आहे. १८९७ साली लोकमान्यांवर मुंबई हायकोर्टात खटला चालला तो 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक'. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया वारली. १९०८ चा खटला झाला 'एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक'. शीर्षक बदललं, कलम तेच राहिलं: १८७० मध्ये दंडसंहितेत घुसवलेलं १२४-अ, सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याचा गुन्हा; १८९८ च्या दुरुस्तीनं त्यात राणीचाही उल्लेख आला. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच अपराध! पहिल्या वेळी शिक्षा अठरा महिन्यांची, दुसऱ्या वेळी सहा वर्षं, मंडालेला.

पुढे १९५० मध्ये त्या कलमातून 'हर मॅजेस्टी' काढून टाकलं आणि बाकीचं वाक्य ठेवलं. प्रजासत्ताकातही आपण त्या गुन्ह्याला मराठीत राजद्रोहच म्हणत राहिलो, आणि राजा नसताना हा द्रोह कोणाचा, असं फार थोड्यांनी विचारलं.

ज्या देशात कोर्टाच्या प्रत्येक कागदावर राजा आहे, तिथे हा गुन्हा २००९ च्या कायद्यानं रद्द झाला. इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी 'नॉट माय किंग' म्हणणाऱ्या निदर्शकांना लंडनच्या पोलिसांनी पकडलंच होतं. मात्र त्यांना आरोप न ठेवता सोडावं लागलं आणि पोलिसांनी खेदही व्यक्त केला.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये १२४-अ स्थगित केलं. पुढे राजद्रोह संपला, आता देशद्रोह, असं संसदेत सांगितलं गेलं आणि १ जुलै २०२४ पासून, म्हणजे किंग्ज सर्कलच्या ठरावाच्याच महिन्यात, जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ लागू झालं. त्यात सरकारविषयीची अप्रीती हे शब्द नाहीत, हे मान्य करायला हवं. सशस्त्र बंड, फुटीरपणा, सार्वभौमत्वाला धोका, असे शब्द आहेत. पण फुटीर कारवायांच्या 'भावनांना' उत्तेजन देणं हाही त्यात गुन्हाच, आणि भावना मोजणार कोण? जुन्या कलमात जन्मठेप नसेल तर कमाल तीन वर्षं होती, नव्यात सात झाली.

आमच्या ग्रुपवर स्टेशनाच्या नावावरून जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. कलम १५२ चा मजकूर मी मराठीत करून टाकला, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. विधिमंडळ स्टेशनांच्या नावांसाठी ठराव करून दिल्लीला पाठवू शकतं, तर या कलमातला भावनांचा उल्लेख वगळावा आणि शिक्षा कमी करावी असाही ठराव त्यानं पाठवावा. टिळकांना दोन्ही शिक्षा मुंबईत झाल्या. ही मागणी मुंबईतूनच जायला हवी.