दिवे कसे लावावेत

तुमच्याकडे डोळे मिटणारी गाडी आहे का? म्हणजे दिवसा जिचे हेडलाइट बॉनेटच्या पोटात झोपलेले असतात आणि बटण दाबलं की बेडकासारखे वर येतात, ती? असेल तर अभिनंदन. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न तुम्हाला कधीच पडणार नाही.

पूर्वीचे लोक अडाणी होते. १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं होती. एक दिवा ड्रायव्हरने फिरवून वर काढायचा, दुसरा शेजारी बसलेल्याने. ओपेल जीटीत एक दांडा ढकलला की दोन्ही दिवे कुशीवर वळून जागे व्हायचे. बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच, त्यामुळे त्या मालकांना छंद म्हणून काय करावं लागलं असेल, देव जाणे. पुढे विजेच्या मोटरी आल्या आणि आपले दिवस पालटले. २००४ मध्ये लोटस एस्प्रिट आणि कॉर्व्हेट सी-फाइव्ह बनायच्या थांबल्या आणि ही जातच संपली. म्हणजे सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस सोपं होत जाणार नाही, एवढी खात्री बाळगा.

तर एका संध्याकाळी तुम्ही बटण दाबाल आणि एकच डोळा उघडेल. घाबरू नका, आणि कान तर मुळीच देऊ नका. कान दिलात तर पंचाईत होईल. मोटर घरघरते पण दिवा हलत नाही, म्हणजे आतलं प्लास्टिक गेलं. आवाजच नाही, म्हणजे फ्यूज, रिले, अर्थिंग किंवा कार्बन ब्रश. दोन मिनिटांत निदान झालं तर पुढचे चार महिने करायचं काय? त्यापेक्षा पहिल्या भेटेल त्या गॅरेजात जा. तिथला मेस्त्री बॉनेट न उघडता सांगेल, ‘मोटर जळली.’ यावर विश्वास ठेवा.

बऱ्याच गाड्यांत मोटरीपाशी रबरी टोपीखाली एक गोल मूठ असते. फ्यूज काढून ती हाताने फिरवली की दिवा वर येतो. हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर मी गोव्यात रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून रात्रीचा एकाक्ष जात होतो. फेरीवरच्या माणसाने एकदा बॅटरीचा झोत गाडीच्या तोंडावर मारला, निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘बाब, तुजी गाडी दोळो मारता मगे!’ मागच्या स्कूटरवरची बाई इतकी हसली की तिच्या पिशवीतले बांगडे पडता पडता राहिले.

आता शोध. आधी म्हापसा आणि मडगावची दुकानं पालथी घाला. काउंटरवरचा माणूस ‘पार्ट नंबर?’ म्हणेल. नंबर दिलात तर ‘सॅम्पल आणा’ म्हणेल. सॅम्पल नेलंत तर हातात घेऊन वजन करेल, आत कोणाला तरी दाखवेल आणि ‘हे बंद झालं’ असं सांगेल, जणू तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मग कोणीतरी सल्ला देईल की सासष्टीत एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, अगदी हीच गाडी पडून आहे. असा भाटकार गोव्यात प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. १९६१ च्या आधी, पोर्तुगिजांच्या काळात, इथे परदेशी गाड्या आल्या होत्या हे खरंच, म्हणून आपली श्रद्धा अशी की कुठल्या तरी वाड्यामागे सगळं जग ताडपत्रीखाली झाकलेलं आहे. जा तुम्ही. मी गेलो होतो. ताडपत्री निघाली, खाली जुनी फियाट ११०० निघाली, तिचे दिवे जन्मापासून उघडे, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. भाटकारबाबांनी मात्र फेणी दिली, त्यामुळे फेरी वाया गेली असं म्हणवत नाही.

कुडचडे-सावर्ड्याकडेही एक चक्कर टाका. खाणींच्या तेजीत तिथे टिपरचं वाटेल ते मिळायचं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि त्यांच्यामागून कितीतरी दुकानांची शटरं खाली आली. तुमचा भाग तिथे तेव्हाही नव्हता, पण निदान ‘दहा वर्षं आधी आला असतात तर’ हे वाक्य ऐकायला मिळेल. मग चोर्ला घाटाने बेळगाव, उद्यमबाग. मग मुंबईला कुर्ला. प्रत्येक ठिकाणी मोबाइलमधला फोटो दाखवा. फोटो नेहमी लांबून आणि अंधारात काढलेला असावा.

एवढं झालं की परदेशातून मागवा. इथे दोन वाटा फुटतात. एक, नुसता दुरुस्तीचा संच: नायलॉनचं गिअर, बुश, ब्रश, असं मूठभर सामान. कॉर्व्हेट-फायरबर्डवाले अमेरिकन तर वर्षानुवर्षं गिअरच्या पोटातल्या तीन प्लास्टिकच्या गोळ्या बदलत बसलेत. मोटर ठणठणीत, पण या गोळ्यांचा भुगा झाला की ती एकटीच फिरत राहते. हे फारच स्वस्तात पडतं, म्हणून ही वाट सोडा. दुसरी वाट, अख्खी मोटर. डाव्या-उजव्या मोटरी बऱ्याचदा एकमेकींच्या आरशातल्या जुळ्या असतात, तेव्हा बाजू नीट सांगायला हवी. मी नीट सांगितलं: ‘ड्रायव्हर साइड.’ अमेरिकेतल्या विक्रेत्याने ड्रायव्हर साइडचीच पाठवली. त्याच्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो. कस्टमची ड्युटी भरून, खोकं फोडून, मोटर उलटी, आडवी, तिरकी धरून पाहिल्यावर हा भूगोल माझ्या ध्यानात आला.

शेवटचा उपाय सांगायची खरं तर लाज वाटते. मालीमच्या जेटीकडे ट्रॉलरची कामं करणारा एक लेथवाला आहे. वाटेवर होता म्हणून थांबलो. त्याने जुन्या मोटरीचे स्क्रू काढले, गिअरचं झाकण वर्तमानपत्रावर पालथं केलं. पिवळट भुगा पडला, शिळ्या खोबऱ्याच्या किसासारखा. तो त्याने बोटाने चाचपला, एक अख्खा राहिलेला तुकडा व्हर्निअरने मोजला आणि कोपऱ्यातला पांढरा नायलॉनचा रॉड लेथला लावला. लांब पांढऱ्या साली निघत होत्या. वीस मिनिटांत नवे तुकडे तयार. मारुती ८०० च्या वायपर मोटरचे ब्रश पॉलिश पेपरवर घासून बसवले, ज्यावर ते ब्रश घासतात तो कम्युटेटर पुसला, बॅटरीला वायर लावली. मोटर फिरली. ‘किती?’ ‘शंभर द्या.’ मग हात पुसत त्याने विचारलं, ‘पण हे दिवे लपवतात कशाला? कोण चोरून नेतो?’ मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

तेव्हा लेथवाल्याकडे आधी जाऊ नका. तिथे आधी गेलात तर चहाच्या टपरीवर सांगायला काही उरत नाही. मी मित्रांना जपानहून भाग मागवला असंच सांगितलंय, आणि ते आता माझ्याकडे आदराने बघतात. ग्रीस मात्र सढळ हाताने थापा, विशेषतः कम्युटेटरवर. पुन्हा उघडायचं निमित्त घरातच तयार राहतं.

आणि ती चुकीची मोटर? बेळगावातल्या एका हौशी गृहस्थांकडे तशीच गाडी निघाली, त्यांचा उजवा दिवा बंद. खोक्यावर ‘ड्रायव्हर साइड’ छापलेलंच होतं, मी फक्त ते वाचून दाखवलं. पैसे रोख मिळाले.

परवा रात्री माझा डावा दिवा अर्ध्यावर थांबला. आता त्यांना फोन करायचाय. त्यांनी खोकं अजून उघडलेलं नसावं.