१८९५ चा तो पेपर आणि एकखोली शाळांविषयीचे पाच दावे

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या सलाइना येथील, १८९५ सालच्या आठवीच्या अखेरच्या परीक्षेचा म्हणून एक पेपर गेली पंचवीसहून अधिक वर्षे ई-मेल आणि समाजमाध्यमांतून फिरत आहे. व्याकरण, अंकगणित, अमेरिकेचा इतिहास, शुद्धलेखन आणि भूगोल असे त्याचे पाच भाग असून त्यांना दिलेल्या वेळांची बेरीज पाच तास होते. सोबतचा मजकूर दर वेळी थोडाफार बदलतो, पण त्यातले दावे ठरलेले असतात. आजचे पदवीधरही या पेपरात नापास होतील, म्हणजे त्या काळची मुले आपल्याहून हुशार होती. हे सगळे एक खोली, एक शिक्षक आणि आठ इयत्ता एवढ्यावर साधले. त्यासाठी सरकारची गरज पडली नाही, खेड्याने स्वतःच्या बळावर शाळा चालवली. ती शाळा सगळ्यांची होती. आणि पुढे सरकारने व तज्ज्ञांनी या लहान शाळा एकत्र करून शिक्षणाचे नुकसान केले. पेपर खरा मानायला माझी हरकत नाही. त्याच्या आधारावर उभे केलेले हे पाच दावे मात्र तपासायला हवेत, कारण आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवरच्या कमी पटाच्या शाळांविषयी जो वाद चालू आहे त्यातही हीच विधाने दोन्ही बाजूंनी ऐकू येतात.

पहिला दावा हुशारीचा. अंकगणिताचे प्रश्न नीट वाचले तर त्यांमागचे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. एका प्रश्नात २ फूट खोल, १० फूट लांब आणि ३ फूट रुंद अशा गाडीच्या पेटीत किती बुशेल (धान्याचे तिकडचे माप) गहू मावेल, असे विचारले आहे. लगेच पुढच्या प्रश्नात ३,९४२ पौंड भरलेल्या गाडीतून गाडीचे १,०५० पौंड वजा करून, बुशेलला ५० सेंट या दराने गव्हाची किंमत काढायची आहे. पहिल्याचे उत्तर सुमारे ४८.२ बुशेल येते. दुसऱ्यात ६० पौंडांचा एक बुशेल धरला की गहू पुन्हा ४८.२ बुशेलच भरतो आणि त्याचे २४ डॉलर १० सेंट होतात. पेपर काढणाऱ्याने बहुधा एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवून एकदा तिचे माप विचारले आणि एकदा वजन. आणखी एका प्रश्नात ६४० रॉड (लांबीचे जुने माप) परिघाच्या चौरस शेताची एकरी १५ डॉलर दराने किंमत काढायला सांगितली आहे. ते शेत बरोबर १६० एकरांचे निघते, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली वसाहत करणाऱ्या कुटुंबाला मिळणारी जमीन एवढीच होती. म्हणजे परीक्षेला बसलेल्या कित्येक मुलांच्या घरचेच शेत कागदावर आले होते.

आजच्या पदवीधराला हे प्रश्न अडतात ते गणित येत नाही म्हणून नव्हे. एका एकरात १६० चौरस रॉड आणि एका बुशेलात सुमारे २,१५० घन इंच, ही कोष्टके त्याला कधी लागली नाहीत. आपल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असत आणि पायलीचे शेर करताना त्यांना कागद लागत नसे. त्यावरून त्यांची नातवंडे मंद ठरत नाहीत. उलट बाजूही पाहायला हवी. या पेपरात बीजगणित नाही, संभाव्यता नाही, प्रयोगावर आधारलेले विज्ञान जवळपास नाही. मोठ्या अक्षरांच्या वापराचे नऊ नियम सांगा, असा व्याकरणाचा प्रश्न आहे आणि तो पाठांतराचा आहे. हे उणेपण म्हणून मी सांगत नाही. धनादेश, वचनचिठ्ठी आणि पावती लिहायला लावणारी परीक्षा मला मनापासून आवडते, कारण शेतकऱ्याच्या मुलाला सावकारापुढे आणि बँकेत उभे राहता यावे ही कळकळ तिच्यात स्पष्ट दिसते. पण एका काळाच्या गरजेचे प्रश्न दुसऱ्या काळाच्या माणसापुढे ठेवून बुद्धी मोजता येत नाही.

आणि मुळात या कागदावर फक्त प्रश्न आहेत. उत्तरे किती मुलांनी लिहिली आणि किती उत्तीर्ण झाली, हे त्यावरून काहीच कळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परीक्षेपर्यंत पोहोचले कोण? १८८९-९० या वर्षी अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळा सरासरी सुमारे १३५ दिवस भरल्या आणि पटावरचा विद्यार्थी सरासरी ८६ दिवस हजर राहिला. कॅन्ससच्या १८७४ च्या सक्तीच्या कायद्याने ८ ते १४ वर्षांच्या मुलांकडून वर्षाला किमान १२ आठवड्यांचीच हजेरी मागितली होती. पेरणी-कापणीला थोरली मुले घरी राहत आणि ज्यांच्या घरी माणसांची वानवा ती हळूहळू शाळेतून गळत. १९०० च्या सुमारास सतरा वर्षांच्या शंभर मुलांमागे जेमतेम सहा माध्यमिक शाळा पूर्ण करत होती. आठवीच्या अखेरीस काउंटीच्या (राज्यातल्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) परीक्षेला बसलेले मूल हे त्या गाळणीतून उरलेले मूल होते. त्याची तुलना आज वर्गात बसणाऱ्या सरसकट सगळ्या मुलांशी करणे हा उघड अन्याय आहे.

दुसरा दावा एका शिक्षकाच्या किमयेचा. एकखोली शाळेचा दिवस कसा चाले, हे समजून घेतले तर तिचे मोठेपण आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात. शिक्षकाच्या टेबलासमोर एक बाक असे. एकेका इयत्तेला तिथे बोलावून धडा म्हणून घ्यायचा, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि पुढच्या इयत्तेला हाक मारायची. आठ इयत्ता, प्रत्येकीचे तीन-चार विषय, म्हणजे दिवसाला पंचवीसएक फेऱ्या. मधली सुटी वगळून पाच तास धरले तर एका फेरीला बारा मिनिटे. उरलेला सगळा वेळ मुले आपापल्या पाटीवर काम करत, मोठी मुले लहानांचे पाढे घेत, आणि धाकट्याच्या कानावर थोरल्या इयत्तेचा धडा आपोआप पडत राही. ही पद्धत खरोखर चांगली होती, आणि ज्यांनी आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या मुलीला पहिलीच्या मुलाचे बोट पाटीवर फिरवताना पाहिले आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण ती पेलायला शिक्षक तयारीचा लागतो, आणि नेमकी तिथेच उणीव होती. शिकवणाऱ्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. अनेकींचे स्वतःचे शिक्षण अशाच एखाद्या शाळेत संपलेले असे आणि त्यांच्यापाशी काउंटीची परीक्षा देऊन मिळवलेले प्रमाणपत्र व उन्हाळ्यात भरणाऱ्या काही आठवड्यांच्या प्रशिक्षणवर्गाची शिदोरी एवढेच असे. मासिक पगार तुटपुंजा, नोकरी एका वर्षाची, राहणे बहुधा कुणा पालकाच्या घरी. अशा स्थितीत ज्या शिक्षिकांनी जीव ओतून शिकवले त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. त्यांच्या कष्टांचा दाखला देऊन एका शिक्षकावर सगळे भागते असे म्हणणे मात्र त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

तिसरा दावा असा की यात सरकार नव्हते. त्याचे उत्तर त्याच पेपरात आहे. अंकगणिताचा एक प्रश्न असा: डिस्ट्रिक्ट क्रमांक ३३ मधील मालमत्तेचे मूल्यांकन ३५,००० डॉलर आहे, महिना ५० डॉलर खर्चाने सात महिने शाळा चालवून किरकोळ खर्चासाठी १०४ डॉलर हाती राहावेत, तर कर किती बसवावा लागेल? इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एका शाळेपुरता, काही चौरस मैलांचा, स्वतःचे मंडळ निवडणारा आणि स्वतःचा कर बसवणारा तो घटक होता. १८९० च्या दशकात एकट्या कॅन्ससमध्ये असे नऊ हजारांहून अधिक घटक होते. हिशेब सोपा आहे. ४५४ डॉलर हवेत, म्हणजे मूल्यांकनाच्या सुमारे १.३ टक्के. पण शेजारच्या डिस्ट्रिक्टची जमीन खडकाळ असेल आणि मूल्यांकन १७,५०० डॉलरच भरत असेल, तर तेवढ्याच शाळेसाठी तिथल्या शेतकऱ्याला दुप्पट दराने कर द्यावा लागेल, नाहीतर शाळा साडेतीन महिन्यांवर आणावी लागेल. गावाच्या बळावर शाळा, याचा व्यवहारातला अर्थ हा होता. ज्या गावात बळ कमी, त्या गावची शाळा लवकर बंद होई.

शिवाय हे बळही निव्वळ गावाचे नव्हते. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सहा मैल लांब-रुंद टाउनशिपचे ३६ भाग पाडून त्यांतला सोळावा भाग, म्हणजे ६४० एकर, सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवला. कॅन्ससला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा सोळावा आणि छत्तिसावा असे दोन भाग मिळाले. मंडळ कसे निवडायचे, कर कसा बसवायचा, शिक्षकाला प्रमाणपत्र कोणी द्यायचे, हे राज्याच्या कायद्याने ठरत असे. (याच कायद्यांमुळे कॅन्ससमधील स्त्रियांना शाळेच्या निवडणुकीत १८६१ पासून मत देता आले, तर पूर्ण मताधिकारासाठी त्यांना १९१२ पर्यंत थांबावे लागले. या लहान घटकांच्या इतिहासातली ही गोष्ट जास्त सांगितली जायला हवी.) फिरणारा पेपरही एखाद्या गावच्या गुरुजींनी स्वतःच्या मनाने काढलेला नाही. अशा परीक्षा काउंटीच्या शिक्षण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होत. आणि एकखोली शाळेत शिकलेल्यांनाच सरकारी मदतीची गरज सर्वाधिक जाणवत होती, याचे मोठे उदाहरण म्हणजे लिंडन जॉन्सन. १९१२ मध्ये चार वर्षांचे असताना ते टेक्सासमधल्या जंक्शन स्कूल या एकखोली शाळेत काही काळ गेले होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ११ एप्रिल १९६५ रोजी, गरीब मुलांच्या शाळांना केंद्रीय निधी देणाऱ्या कायद्यावर त्यांनी त्याच शाळेच्या आवारात, आपल्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी यांना शेजारी बसवून सही केली.

चौथा दावा, शाळा सगळ्यांची होती, हा मला सर्वांत जास्त खटकतो. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेत निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, पण कृष्णवर्णीय व इतर गौरेतर लोकांत ते ४४ टक्क्यांच्या वर होते. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या आणि त्यांच्या वाट्याला सार्वजनिक पैसा इतका थोडा येई की १९१२ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पुढाकाराने, स्थानिक कृष्णवर्णीय कुटुंबांनी पदरचे पैसे आणि श्रम घालून, सुमारे पाच हजार शाळा उभ्या कराव्या लागल्या. कॅन्ससचीही गोष्ट वेगळी नव्हती. जॉन्सन काउंटीतील स्कूल डिस्ट्रिक्ट क्रमांक ९० मध्ये १९४७ साली रोख्यांतून पैसा उभारून नवी शाळा बांधली गेली. त्या रोख्यांचा बोजा कृष्णवर्णीय कुटुंबांवरही पडला, पण त्यांच्या मुलांना दोन शिक्षकांवर आठ इयत्ता चालवणाऱ्या जुन्या वॉकर शाळेतच राहायला सांगण्यात आले. पालकांनी मुलांना तिथे पाठवणे थांबवले, न्यायालयात गेले आणि १९४९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. लहान डिस्ट्रिक्टमध्ये सत्ता शेजाऱ्यांच्या हाती असते, हे खरे. पण शेजारी आपल्याला माणूस मानत नसेल, तर त्या सत्तेविरुद्ध दाद मागायला बाहेरचेच दार ठोठवावे लागते. गावकुसाबाहेर बसवलेल्यांचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला आहे, त्या भाषेच्या वाचकाने हा मुद्दा नजरेआड करू नये.

पाचव्या दाव्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. शाळा एकत्र करण्याचा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शिक्षणतज्ज्ञांनी धरला, त्यात शहरी कारखान्याच्या कार्यक्षमतेचे आकर्षण होते, आणि खेड्यांनी ठिकठिकाणी मतदान करून त्याला विरोध केला. शाळा गेली की गावाची सभा, नाटक आणि मतदान केंद्र यांची जागाही अनेकदा गेली. पण हे एका फटक्यात वरून लादले गेले, असे आकडे सांगत नाहीत. एकशिक्षकी शाळा १९२९-३० मध्ये सुमारे १,४९,००० होत्या, दहा वर्षांनी सुमारे १,१३,६०० आणि १९७० च्या सुमारास १,८०० च्या आसपास उरल्या. या चाळीस वर्षांत शेतात ट्रॅक्टर आला, शेते मोठी झाली, कुटुंबे कमी झाली, रस्ते पक्के झाले आणि मुलांना माध्यमिक शाळेत पाठवायची ओढ शेतकऱ्यांच्या घरांतही वाढली. पट पाच-सहावर आलेल्या कित्येक शाळा गावानेच बंद केल्या. कॅन्ससचा एकत्रीकरणाचा मोठा कायदा १९६३ मध्ये झाला, तोवर नऊ हजारांतले बहुसंख्य डिस्ट्रिक्ट आधीच इतिहासजमा झाले होते. कायद्यानंतर सुमारे तीनशे राहिले.

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हापासून अमेरिकेचे उदाहरण दोन्ही अंगांनी देता येण्यासारखे आहे. ते द्यायचेच असेल तर पूर्ण द्यावे. अमेरिकेत शाळा एकत्र झाल्या त्या बसबरोबर. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर यांनी परिषद भरवून बसची रुंदी-उंची आणि दुरून ओळखू येणारा पिवळा रंग यांची मानके ठरवून घेतली, आणि मुलांना ने-आण करण्याचा खर्च शाळाखात्याच्या हिशेबात आला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे ठरवले आहे. ज्या वाडीची शाळा हलवायची आहे तिथून नव्या शाळेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, गाडी रोज येणार का आणि तिचे पैसे कोण देणार, याचे लेखी उत्तर विलीनीकरणाच्या आदेशाआधी पालकांच्या हाती पडले पाहिजे. आणि जिथे ते देता येत नाही तिथे शाळा जागेवर ठेवून तिला बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेले किमान दोन शिक्षक दिले पाहिजेत.